चतुर्थी विभक्तीतली माणसे

साहित्याच्या अभ्यासवर्गांत गेल्या काही दशकांत जे शब्द सर्वाधिक झिजले, त्यांत 'प्रतिनिधित्व' या शब्दाचा क्रमांक बराच वर लागेल. स्त्रियांचे प्रतिनिधित्व, दलितांचे, आदिवासींचे आणि अलीकडे अपंगांचे. चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर या शब्दाच्या आधी 'कादंबरीतील', 'कवितेतील' किंवा 'चित्रपटातील' असे विशेषण लागते, निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि विषय संपतो. आमचा आक्षेप या चर्चेवर नाही. तिच्या अर्धवटपणावर आहे. इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ नांदतात : एखाद्याचे चित्र रेखाटणे आणि एखाद्याच्या वतीने सभेत बसणे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' या निबंधात मार्क्सच्या जर्मन मजकुरातील दोन वेगळ्या शब्दांचा आधार घेऊन या दोन अर्थांची सरमिसळ किती महागात पडते, हे दाखवले. मराठीला ही सरमिसळ करण्याचे खरे तर काहीच कारण नव्हते. आपल्याकडे 'चित्रण' आणि 'प्रतिनिधित्व' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. तरीही आपल्या विद्याशाखेत चित्रणालाच प्रतिनिधित्व म्हणण्याचा प्रघात पडला, आणि खुर्ची कोणाची, मत कोणाचे, पैशाच्या विनियोगावर नजर कोणाची, हे प्रतिनिधित्वाचे मूळ प्रश्न राज्यशास्त्र विभागाच्या दारात नेऊन ठेवण्यात आले.

हे प्रश्न साहित्याच्या दारात परत आणावेत, यासाठी आम्ही एक वरवर रुक्ष वाटणारे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेत कर्णबधिर, वाचादोष असलेल्या व इतर अपंग नागरिकांसाठी जी दूरध्वनी सेवा चालते, तिच्यावर देखरेख कोणी करावी, हा तो प्रश्न. 'आवाज मिळणे' हे आपल्या समीक्षेतील एक लाडके रूपक आहे. येथे ते रूपक राहत नाही. ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांचे बोलणे इतरांना कळत नाही, त्यांचे शब्द तारेपलीकडे कसे जावेत, किती वेळात जावेत आणि कोणाच्या खर्चाने जावेत, याचा निर्णय प्रत्यक्ष एका टेबलाभोवती होतो. त्या टेबलाभोवती कोण बसते, हे पाहिल्याशिवाय प्रतिनिधित्वाविषयी बोलणे म्हणजे नाटकाचा प्रयोग न पाहता पडद्याच्या रंगावर परीक्षण लिहिणे होय.

इतिहासाची सुरुवातच बोलकी आहे. ज्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळाले, त्याची आई आणि पत्नी दोघीही कर्णबधिर होत्या, आणि तो स्वतः कर्णबधिरांचा शिक्षक होता. तरीही खुणांच्या भाषेपेक्षा ओठ वाचून व बोलून चालणाऱ्या शिक्षणाचा तो कट्टर पुरस्कर्ता राहिला. १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने वाचिक पद्धतीच्या बाजूने ठराव केले आणि खुणांची भाषा अनेक देशांतील शाळांमधून हद्दपार होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या परिषदेला १६४ प्रतिनिधी होते. त्यांपैकी कर्णबधिर असा एकच, जेम्स डेनिसन. हे ठराव या परिषदेच्या परंपरेतील संमेलनाने व्हँकुव्हर येथे औपचारिकपणे नाकारले, तेव्हा २०१० साल उजाडले होते. मधली १३० वर्षे कितीएक मुलांनी वर्गात हात बांधून बसण्यात घालवली. या प्रतिनिधींतील बहुतेकांच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. सद्‌हेतू प्रतिनिधित्वाची जागा घेऊ शकत नाही, हे मिलानइतके स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

बेलच्या यंत्राने कर्णबधिर माणूस जवळजवळ नव्वद वर्षे दाराबाहेर राहिला. दार उघडले तेही आतल्यांनी नव्हे. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेक्ट या पदार्थवैज्ञानिकाने टेलिटाइपरायटरचे संकेत ध्वनीच्या रूपात दूरध्वनीच्या रिसीव्हरमधून पाठवणारे उपकरण सिद्ध केले. त्याच्यासोबत होते जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे अभियंते. तिघेही कॅलिफोर्नियात राहणारे आणि तिघेही कर्णबधिर. दूरध्वनी कंपनीच्या तारेला परके यंत्र थेट जोडण्याची तेव्हा मुभा नव्हती. म्हणून रिसीव्हर यंत्रावर ठेवून ध्वनीमार्फत संकेत पाठवण्याची युक्ती काढावी लागली. मोडीत निघालेले जुने टेलिटाइपरायटर गोळा करून, दुरुस्त करून ते घरोघर पोहोचवण्याचे कामही पुढे कर्णबधिरांच्याच जाळ्याने केले. तेव्हा 'अपंगांना तांत्रिक बाबी काय कळणार?' असा प्रश्न विचारणाऱ्याने या क्षेत्राच्या जन्माची कथा आधी वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.

टाइप करणाऱ्या दोन यंत्रांमध्ये संवाद सुरू झाला तरी ज्याच्या घरी असे यंत्र नाही त्याच्याशी, म्हणजे डॉक्टर, बँक, नोकरी देणारा मालक यांच्याशी, बोलायचे कसे? यातून रिले सेवा आली. मध्ये एक सहायक बसतो. कर्णबधिर व्यक्तीने टाइप केलेले तो समोरच्याला वाचून दाखवतो आणि समोरच्याचे बोलणे टाइप करून पाठवतो. पुढे व्हिडिओ आला तेव्हा सहायकाच्या जागी खुणांच्या भाषेचा दुभाषा आला. कॅलिफोर्नियात १९७९ च्या कायद्याने दूरध्वनी ग्राहकांच्या बिलावरील अल्प अधिभारातून कर्णबधिरांना यंत्रे देण्याची योजना सुरू झाली आणि १९८७ मध्ये राज्याची रिले सेवा सुरू झाली. १९९० च्या अमेरिकन अपंग हक्क कायद्याच्या चौथ्या प्रकरणाने ही सेवा देशभर बंधनकारक केली. तीन वर्षांची मुदत २६ जुलै १९९३ रोजी संपली.

या कायद्याचा कणा असलेला शब्दप्रयोग साहित्याच्या विद्यार्थ्याने भिंगाखाली धरण्यासारखा आहे. रिले सेवा ही ऐकू येणाऱ्या माणसाच्या आवाजी संभाषणाशी 'कार्यदृष्ट्या समतुल्य' असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. समतुल्यता म्हणजे काय? भाषांतराच्या सिद्धान्तात या शब्दावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. इथे त्याचे उत्तर नियमावलीत द्यावे लागते. सहायकाने संभाषण गुप्त राखावे. मजकूर जसाच्या तसा पोहोचवावा, त्यात भर घालू नये, गाळू नये, सौम्य करू नये. टाइप करण्याचा वेग मिनिटाला किमान ६० शब्द असावा. मजकुराच्या सेवेत ८५ टक्के कॉल १० सेकंदांच्या आत उचलले जावेत. हे दंडक ज्याने आयुष्यात कधी रिलेवरून फोन केला आहे त्याला लगेच कळतात, कारण सौम्य केलेल्या वाक्याने तुटलेला व्यवहार आणि न उचललेल्या कॉलने गेलेली नोकरी त्याने पाहिलेली असते. आणि आता पुढचा दंडक पाहा. व्हिडिओ सेवेसाठी २००७ पासून जो निकष लागू झाला तो ८० टक्के कॉल १२० सेकंदांत उचलण्याचा. म्हणजे टाइप करणाऱ्याला दहा सेकंद आणि खुणांची भाषा बोलणाऱ्याला दोन मिनिटे. दुभाष्यांची संख्या, खर्च, प्रशिक्षण अशी कारणे यामागे असतील. ती खोटी नाहीत. परंतु दोन मिनिटांची प्रतीक्षा 'समतुल्य' आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने फोन उचलताच समोरून 'हॅलो' ऐकले आहे त्याचा, की जो पडद्यासमोर थांबला आहे त्याचा? देखरेखीतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न तो हाच.

या प्रश्नाला कॅलिफोर्नियाने दिलेले उत्तर आधी चांगले होते आणि मग ते पातळ होत गेले. तिथे 'टेलिकम्युनिकेशन्स ॲक्सेस फॉर द डेफ अँड डिसेबल्ड ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कमिटी' या नावाची समिती आहे. नावात 'प्रशासकीय' हा शब्द ठळक आहे. परंतु १९९९ च्या कायद्याने हा निधी राज्याच्या तिजोरीत नेला आणि या समितीचे वर्णन आयोगाला सल्ला देणारे मंडळ असे केले. सदस्य किती असावेत, त्यांची पात्रता काय असावी हे ठरवणे आणि त्यांची नेमणूक करणे, हेही आयोगाच्याच हाती. नाव प्रशासनाचे, काम सल्ल्याचे! शीर्षक आणि संहिता यांच्यातील विसंगती शोधण्याचे प्रशिक्षण आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे देतो; ती विसंगती इथे कायद्याच्या कलमात उघडी पडली आहे. सार्वजनिक पैसा सरकारी तिजोरीत असावा, त्याचा हिशेब विधिमंडळाला मिळावा, हे आम्हाला मान्य आहे. पण पैशाचा हिशेब ठेवणे आणि सेवेची दिशा ठरवणे ही दोन कामे आहेत. पहिल्यासाठी दुसरे काढून घेण्याची गरज नव्हती.

केंद्रीय पातळीवर दुसरे चित्र दिसते. आंतरराज्य रिले सेवेच्या निधीसाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने केलेल्या नियमांत एक सल्लागार समिती आहे. तीत श्रवण व वाचा अपंगत्व असलेल्यांचा समाज, सेवेचे वापरकर्ते, राज्यांचे प्रतिनिधी, दूरध्वनी कंपन्या आणि रिले सेवा पुरवणाऱ्या संस्था यांना स्थान दिले आहे, आणि प्रत्येक गटाने आपला प्रतिनिधी आपणच निवडावा, असे म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य सोन्याचे आहे. पण त्याच नियमात एक मातीचा शब्दही आहे : समिती 'बिनपगारी' व स्वयंसेवी असावी. वरवर पाहता हे समान आहे, कारण कोणालाच पैसे नाहीत. प्रत्यक्षात कंपनीचा प्रतिनिधी कंपनीच्या पगारी वेळेत, कंपनीच्या वकिलांनी तयार केलेले टिपण घेऊन बसतो. वापरकर्त्यांचा प्रतिनिधी आपली रजा खर्चून, रात्री शेकडो पानांचे दरपत्रक स्वतः वाचून येतो. असमानांना समान नियम लावल्याने जी असमानता तयार होते, तिचे हे शाळेच्या फळ्यावर लिहावे असे उदाहरण आहे.

प्रतिनिधित्वाच्या विरोधात चार युक्तिवाद नेहमी केले जातात. त्यांना एकेक करून उत्तर देणे भाग आहे.

पहिला युक्तिवाद तज्ज्ञतेचा. सेवा गुंतागुंतीची आहे, ती जाणकारांवर सोपवावी. याचे अर्धे उत्तर वाइटब्रेक्टने दिलेच आहे. उरलेले अर्धे बॉब सेगलमन यांनी दिले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कॅलिफोर्नियातील गृहस्थांचे बोलणे अनोळखी माणसाला कळणे अवघड होते. रिले सेवेची आखणी टाइप करू शकणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. ज्याला ऐकू येते, बोलताही येते, पण ज्याचे बोलणे इतरांना उमगत नाही, अशा माणसाची कल्पनाच तीत नव्हती. अशा बोलण्याचा कान तयार असलेला सहायक मध्ये बसवावा आणि त्याने ते शब्द स्पष्टपणे पुन्हा उच्चारावेत, ही कल्पना सेगलमन यांनी मांडली, लावून धरली आणि २००० च्या आदेशानुसार १ मार्च २००१ पासून ती सेवा अमेरिकेत बंधनकारक झाली. ही कल्पना कोणत्याही अभियंत्याला सुचणे अशक्य नव्हते. पण ती सुचली नाही, कारण त्या अभियंत्याचा फोन समोरच्याने वैतागून कधी खाली ठेवला नव्हता. जे ज्ञान अशा अनुभवातून येते, त्यालाही तज्ज्ञताच म्हणतात. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला हा धडा दिला, त्याला अर्धशतक होत आले. तो वर्गात शिकवायचा आणि समितीच्या खोलीत विसरायचा, हे कसे चालेल?

दुसरा युक्तिवाद हितसंबंधांचा. ज्यांना सेवा फुकट मिळते त्यांच्या हाती देखरेख दिली तर ते खर्चाचा विचार करणार नाहीत, असे म्हटले जाते. येथे २००९ ची घटना आठवावी. व्हिडिओ रिलेचे पैसे सेवादात्या कंपन्यांना मिनिटांच्या हिशेबाने मिळत. त्यामुळे काहींनी केवळ मिनिटे वाढवण्यासाठी निरर्थक कॉल चालू ठेवले, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारने २६ जणांवर या फसवणुकीचे आरोप ठेवले. आरोपांचा केंद्रबिंदू मिनिटे विकण्याचा धंदा हा होता. नंतर नियम आवळले गेले, दर कमी झाले, ओळख पटवण्याच्या अटी वाढल्या, आणि त्यांचा भार प्रामाणिक वापरकर्त्यावरही पडला. हितसंबंध असणे हीच अपात्रता असेल, तर कंपन्यांना समितीत जागा का? आणि निधी लुटला गेला तर सर्वाधिक नुकसान कोणाचे होते? ज्याच्याकडे फोन करण्याचा दुसरा मार्ग नाही, त्याचेच. निधीचा सर्वांत चिवट राखणदार तोच होऊ शकतो.

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. एक कर्णबधिर माणूस सगळ्या अपंगांच्या वतीने कसा बोलेल? बोलूच शकत नाही. जन्मापासून खुणांची भाषा बोलणारा, उतारवयात श्रवणशक्ती गमावलेला, अंध आणि बधिर असणारा, वाचादोष असलेला, हातांची हालचाल मर्यादित असलेला, या सर्वांच्या गरजा निरनिराळ्या आहेत, प्रसंगी परस्परविरोधी आहेत. १९९० च्या कायद्यातील व्याख्या श्रवण आणि वाचा या दोन शब्दांवर उभी होती. 'बधिरांध' हा शब्द तीत आला तो २०१० च्या कायद्याने, म्हणजे वीस वर्षांनी, आणि त्याच कायद्याने त्यांच्यासाठी उपकरणांच्या वाटपाकरिता वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली. पण यातून निष्कर्ष काय निघतो? एकाने सर्वांचे प्रतिनिधित्व होत नाही, तर अनेकांना जागा द्या, हाच. 'एकाने होत नाही, म्हणून कोणालाच नको' असे म्हणणाऱ्याने हे तर्कशास्त्र आपल्या विधानसभेला लावून पाहावे.

या ठिकाणी महाराष्ट्रातील वाचकाला एक जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हापासून त्यांच्या राजकीय विचारात एक सूत्र अखंड दिसते : अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे. आणि १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी त्याला दुसरे सूत्र येऊन भिडले होते : तो प्रतिनिधी निवडणार कोण? राखीव जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिला, आणि ज्यांचा प्रतिनिधी त्यांच्यापेक्षा इतरांच्याच मतांवर निवडून येण्याची शक्यता या तडजोडीत राहून गेली. जातीचा आणि अपंगत्वाचा इतिहास एक नाही. तो एक असल्याचे भासवणे हे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. परंतु प्रश्नाचा सांगाडा तोच आहे. समितीत अपंग व्यक्ती दिसली म्हणजे अपंगांचे प्रतिनिधित्व झाले, असे नाही. तिला कोणी निवडले, ती कोणाला उत्तरदायी आहे आणि नेमणाऱ्याला नकोसे बोलल्यावर ती पुढच्या वर्षी तिथे असते का, हे पाहावे लागते.

चौथा युक्तिवाद सर्वांत सभ्य, म्हणून सर्वांत धोकादायक. 'आम्ही सल्ला घेतोच.' सल्ला घेणे आणि ऐकणे यांतील अंतर २०१८ मध्ये पुन्हा दिसले. ऐकू कमी येणाऱ्यांसाठीच्या मथळेयुक्त दूरध्वनी सेवेत मानवी सहायकाऐवजी केवळ यंत्राने बोलणे ओळखून मजकूर उमटवण्यास त्या वर्षी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने परवानगी दिली. ग्राहकांच्या संघटनांचे म्हणणे यंत्र नको असे नव्हते. अचूकता आणि विलंब मोजण्याचे निकष आधी ठरवा, मग परवानगी द्या, असे होते. परवानगी आधी मिळाली. यंत्राने वृद्धाचा कापरा आवाज, परकी लकब किंवा औषधाचे नाव चुकीचे टिपले तर त्याचा परिणाम भोगणारा माणूस निर्णयाच्या क्षणी खोलीत होता, पण मतदानाच्या यादीत नव्हता. शिवाय खोलीत असणे म्हणजे तरी काय? दुभाषा नसेल, कागद ब्रेलमध्ये किंवा पडदावाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात आधी आले नसतील, किंवा दुभाष्यामार्फत वाक्य पोहोचेपर्यंत अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले असतील, तर ती खुर्ची उपस्थितीपटावरील सहीपुरती उरते.

मग प्रतिनिधित्व म्हणजे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कर्णबधिर विद्यार्थ्यांनीच मार्च १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात दिले. १८६४ पासून कर्णबधिरांसाठी चालणाऱ्या या विद्यापीठाला तोवर एकही कर्णबधिर अध्यक्ष लाभला नव्हता, आणि पुन्हा एकदा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड झाल्यावर विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले. त्या आंदोलनातून आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले, हे सर्वांना आठवते. पण चार मागण्यांपैकी एक फारशी आठवली जात नाही : नियामक मंडळावर ५१ टक्के कर्णबधिर असावेत. अध्यक्ष हे चित्रण आहे. त्याचे छायाचित्र छापून येते. ५१ टक्के हे प्रतिनिधित्व आहे. त्याने ठराव मंजूर होतात. ती मुले हा फरक जाणत होती.

आता आपल्याकडे पाहू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे आश्वासन आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने याविषयी २०१८ मध्ये शिफारशी केल्या. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवरील व्हिडिओ कॉलच्या आधारे रिले सेवेची सुरुवात केली. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण त्याच कायद्याचे ६० वे कलम वाचावे. केंद्रीय सल्लागार मंडळावर अपंगांशी संबंधित संस्था-संघटनांच्या प्रतिनिधींच्या दहा जागा आहेत. त्यांत किमान पाच स्त्रिया आणि अनुसूचित जाती व जमातींची प्रत्येकी किमान एक व्यक्ती हवी, ही अट निःसंदिग्ध आहे. मात्र हे दहा जण स्वतः अपंग असावेत, या अटीच्या आधी शब्द येतो तो 'शक्यतोवर'. स्त्रियांच्या बाबतीत शक्यतोवर नाही, जातींच्या बाबतीत नाही. अपंगांच्या मंडळात अपंगांच्याच बाबतीत तेवढा आहे! एका क्रियाविशेषणाने एवढे मोठे दार किलकिले ठेवता येते, हे व्याकरण शिकवणाऱ्यांनी तरी लक्षात घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तयार करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालाने डिजिटल सुविधांची उपलब्धता जगण्याच्या हक्काशी जोडली. निकष आता बंधनकारक व्हायचे आहेत, तर ते लिहिणार कोण आणि पाळले जातात की नाही हे पाहणार कोण, हे ठरवण्याची वेळ हीच आहे. कॅलिफोर्नियाची वाट आपल्यासमोर आहे. तिथे काय साधले आणि काय निसटले, हे दोन्ही दिसते. पहिल्याच दिवशी आपण 'सल्लागार' हा शब्द स्वीकारला, तर पुढची वीस वर्षे तो पुसण्यात जातील.

शेवटी व्याकरण. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमात निर्णयप्रक्रियेत अपंग व्यक्तींचा, त्यांच्या प्रतिनिधी संघटनांमार्फत, सक्रिय सहभाग असावा असे म्हटले आहे, आणि २०१८ च्या सातव्या सामान्य टिप्पणीने 'अपंगांच्या संघटना' आणि 'अपंगांसाठीच्या संघटना' यांत स्पष्ट भेद केला. मराठीत हा भेद विभक्तीचा आहे. आपली सारी सरकारी भाषा चतुर्थीच्या अर्थाने चालते : अपंगांना, अपंगांसाठी, अपंगांकरिता. चतुर्थीचे कारक संप्रदान. ज्याला दान दिले जाते तो. वाक्यात देणारा कर्ता दुसराच असतो. या माणसांना नवे नाव देतानाही, 'दिव्यांग' म्हणतानाही, ती चतुर्थीतच होती. नाव त्यांना दिले गेले, आणि करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनेही २०१९ मध्ये या नावाच्या वादग्रस्ततेची नोंद घेतली. षष्ठीपर्यंत, म्हणजे 'अपंगांची सेवा, अपंगांचा निधी' येथपर्यंत यायलाच आपल्याला बराच काळ लागणार आहे. आणि खरा मुक्काम तर कर्त्याचा : अपंगांनी ठरवले, अपंगांनी नाकारले, अपंगांनी हिशेब मागितला.

साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. पुढच्या वेळी 'साहित्यातील अपंगांचे प्रतिनिधित्व' या विषयावर निबंध मागवाल, तेव्हा कादंबऱ्यांच्या सोबत एखाद्या समितीची नियमावली आणि इतिवृत्तही वाचायला द्या. कोणत्या वाक्यात कर्ता कोण आहे, कोणते क्रियापद कर्मणी प्रयोगात दडवले आहे, 'शक्यतोवर' कुठे पेरला आहे, हे शोधायला लावा. त्या चर्चासत्राच्या संयोजन समितीत अपंग सदस्य किती, त्यांना मत आहे का आणि सभागृहात दुभाषा आहे का, हेही पत्रिकेवर छापा. हे छापण्यासारखे नसेल, तर विषयाचे नाव बदलून 'चित्रण' करा. मराठीत त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे.